द्वारकेपर्यंत पाचव्या गिअरमध्ये

कुवेतमध्ये मी सोळा वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी गाड्यांखाली आडवा पडून. त्यामुळे त्या देशाच्या माझ्या आठवणी बहुतेक जमिनीपासून वीतभर उंचीच्या आहेत. गावी कुणी तिथल्या मोठमोठ्या इमारतींबद्दल विचारलं की मी काहीतरी ठोकून देतो. मला खरी आठवतात ती माणसांची पावलं. चपला बघून गिऱ्हाईक कुठल्या देशाचं, किती घाईत आहे आणि खरं बोलतंय की थापा मारतंय, हे मी गाडीखालून सांगत असे.

एस.टी.च्या डेपोत नऊ वर्षं गिअरबॉक्स उघडून झाल्यावर मी तिकडे गेलो. शुवैखच्या कारखान्यांच्या वस्तीत आमचं गॅरेज होतं. गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नमुना. एक गृहस्थ एसी फार गार करतो म्हणून तक्रार घेऊन आले. मी म्हटलं, काच थोडी खाली करा. तर म्हणाले, काच खाली केली की शेजाऱ्यांना वाटतं आमचा एसी बिघडला. आपल्याकडच्याच एक नर्सबाई होत्या, मूळच्या साताऱ्याच्या. त्या गाडी कायम दुसऱ्या गिअरमध्ये चालवत. तिसरा टाकला की छातीत धडधडतं म्हणत. मी म्हटलं, बाई, धडधडतंय ते इंजिन. पण या सगळ्यांना पुरून उरला तो आमचा मालकच, बू नासर.

बू नासर म्हणजे नासरचा बाप. तिथे मोठ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. हा माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा त्या देशातला मुक्काम होता तो माणूस. उंच, ढेरपोट्या, मनाने मोकळा आणि हट्टी. लहानपणी बापाबरोबर मुंबईला खूपदा आलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा, पण प्रत्येक क्रियापद आज्ञार्थी. एक दिवस तो गॅरेजमध्ये आला आणि म्हणाला, "मुहंदिस, मेरा घर आओ. गाडी को पाँचवाँ गिअर लगाओ."

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. मी दहावी नापास. पण हाक गोड होती, मी दुरुस्त केली नाही.

गाडी एकोणसत्तर सालची, अमेरिकन, दोन दारांची. बॉनेट एवढं लांब की त्यावर चार माणसांचं पान मांडावं. इंजिन आठ सिलिंडरचं आणि गिअर मात्र चार. बू नासरची वफ्राला खजुराची बाग होती. तिकडचा रस्ता सरळसोट. अशा रस्त्यावर चौथ्यात गाडी पळवली की इंजिन किंचाळायचं, असं तो सांगे. नव्या गाड्यांना पाच गिअर येऊ लागले होते. पाचव्यात चाकं तेवढीच पळतात आणि इंजिन निवांत फिरतं. तसा एक पाच गिअरचा बॉक्स त्याने अपघातात चेपलेल्या नव्या गाडीतून काढवून आणला होता.

"गाडी गॅरेजला आणा ना," मी म्हटलं.

"ये गाडी घर से बाहर नहीं जाता," तो म्हणाला.

मी समजलो, जीव आहे त्याचा गाडीवर. बड्या लोकांचं असतंच असं.

आता माझं सांगतो. माझ्या मुक्कामाच्या कागदावर 'कामगार' असं लिहिलेलं होतं. कामगाराला बायकामुलं आणता येत नसत. तिथे 'फन्नी', म्हणजे तंत्रज्ञ, असं लिहून कफीलने सही केली तर येत. माझी मुलगी मी रजेवरून परत गेल्यावर जन्मली. आमचा संसार कॅसेटवर चालला होता. मी तिथून बोलून पाठवायचो, बायको नलिनी आमच्या हर्णैहून बोलून पाठवायची. एका कॅसेटमध्ये मुलगी आईला विचारताना ऐकू आली, "बाबा टेपमदून भायेर कदी येनार?" ती टेप मी परत परत लावली आणि दुसऱ्या दिवशी बू नासरपुढे उभा राहिलो.

तो सगळ्यांसमोर म्हणाला, "जिस दिन गाडी पाँचवें में चलेगा, उस दिन सही."

हे सगळ्यांसमोर म्हणजे कुठे, तर त्याच्या दिवानियात. दिवानिया म्हणजे पुरुषांची बैठक. रोज संध्याकाळी शेजारीपाजारी, मित्र, आप्त जमतात, भिंतीलगतच्या गाद्यांवर टेकतात, चहा-कॉफी पितात आणि जगाच्या उठाठेवी करतात. तिथे दिलेला शब्द कोर्टात दिल्यासारखा. बू नासरचं घर दस्मानला, समुद्राच्या अंगाला. मी हत्यारांची पेटी घेऊन तिथे गेलो, नक्षीच्या जुन्या लाकडी दारातून आत पाऊल टाकलं आणि जागीच थांबलो.

गाडी दिवानियाच्या मधोमध, गालिच्यावर उभी होती. भोवती वीसेक माणसं कॉफी पीत बसली होती.

मी सहा आठवडे तिथे काम केलं. गॅरेजचं काम आटोपून दुपारनंतर जायचं. गाडीखाली पडल्या पडल्या मला चोहोबाजूंनी फक्त पांढऱ्या झग्यांच्या कडा आणि पावलं दिसत, आणि वरून सल्ले ऐकू येत. पहिल्याच दिवशी एका हाताने खाली कॉफीचा इवलासा पेला दिला. मी प्यायलो, पेला परत केला, तो भरून पुन्हा आला. मला वाटलं, नाही म्हणणं बरं दिसणार नाही. अकराव्या पेल्यानंतर माझा हात पान्यावर थरथरायला लागला, तेव्हा कुणीतरी वाकून सांगितलं की पुरे असेल तर पेला हलवून द्यायचा असतो.

ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांना वाटतं, जुना गिअरबॉक्स चार बोल्ट काढून उतरवायचा, नवा चढवायचा. तसं नसतं. नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब होता. म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड करायचा, वेल्डिंग करून लेथवर सरळ तपासायचा. इंजिन आणि बॉक्स यांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड पत्र्याची चकती बनवायची. क्लच प्लेटचे दाते निराळे. बॉक्सला खालून धरणारा आडवा पट्टा चार बोटं मागे सरकवायचा. आणि गिअरचा दांडा जुन्या भोकातून येतच नाही, तो बरोबर बू नासरच्या कोपराखाली उगवतो. त्यासाठी गाडीची जमीन कापली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते.

मी सगळं दोनदोनदा मोजलं. शाफ्ट सुताच्या हिशेबाने मोजला. ज्या दिवशी काम पुरं झालं त्या दिवशी हात पुसत म्हटलं, "चला, वफ्राच्या रस्त्यावर काढू. मागचा दरवाजा उघडा."

मागच्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत जाड पडदा होता. त्यामागे मोठा दरवाजा असणार, हे मी सहा आठवडे धरून चाललो होतो. वीस माणसं आपापल्या पेल्यात बघायला लागली. मी जाऊन पडदा बाजूला केला. मागे भिंत होती आणि भिंतीत एक एसी.

मग हळूहळू कळलं ते असं. गाडी पूर्वी उघड्या चौकात उभी असायची. सहा वर्षांपूर्वी चौकावर छत टाकून दिवानिया केली, तेव्हा गवंड्यांनी गाडीवर कापड टाकलं आणि तिच्याभोवती भिंती बांधल्या. पुढच्या बाजूला बू नासरच्या वडिलांच्या जुन्या घराचं दार बसवलं. त्यातून माणूस येतो. गाडी येत नाही, जात नाही. प्रत्येक पाहुण्याला हे पहिल्या दिवशीच दिसलं होतं. पण यजमानाला त्याच्याच घरात, त्याच्याच गाडीवरून कसं बोलायचं? प्रत्येकाला वाटलं, त्याच्या मनात काहीतरी असेल. सहा वर्षं वीस माणसं सभ्यपणाने गप्प बसली होती.

"आणि तुम्हाला?" मी बू नासरला विचारलं.

"मैं सोचा, तुम मुहंदिस है," तो म्हणाला.

भिंत फोडण्याची गोष्ट निघाली. मागच्या भिंतीपलीकडची जागा शेजाऱ्याची. पुढच्या दाराबद्दल आतून बू नासरच्या आईचा निरोप आला की माझ्या नवऱ्याचं दार हललं तर मीही त्याच दारातून बाहेर पडेन. विषय संपला. आणि माझ्या सहीचाही, कारण गाडी पाचव्यात चालल्याशिवाय सही नाही आणि गाडी तर चालणारच नाही.

तोंड उघडलं ते नोखदाने. नोखदा म्हणजे जहाजाचा तांडेल. ऐंशीच्या घरातला, मोतीबिंदू झालेला हा म्हातारा तरुणपणी शिडाच्या जहाजातून खजूर घेऊन मुंबईला जायचा, येताना मलबारचं लाकूड आणायचा. रत्नागिरी, जयगड, हर्णै सगळी बंदरं त्याला पाठ. तो जुनं मुंबई हिंदी बोलायचा, बंदरावरच्या हमालांचं. माझं गाव कळल्यापासून तो मला आपल्या खलाशांपैकीच समजत असे.

"चाक घूमता, तो गाडी चलता," नोखदा म्हणाला. "चाक ऊपर उठाओ."

यावर तासभर वाद झाला. एकजण म्हणाला, जागचं हललं नाही ते चालणं नव्हे. दुसरा म्हणाला, मीटर फिरलं की चालली. शेवटी निवाडा झाला. मागची चाकं स्टँडवर उचलायची, पाचवा टाकायचा आणि मीटरवर मुंबईइतकं अंतर घालायचं. माझी माणसं तिकडेच आहेत, म्हणजे वाटही बरोबर. नोखदाने बोटं मोजून सांगितलं, "सोलह सौ मील." गाडी अमेरिकन असल्याने मीटरही मैलांचंच होतं.

त्याच संध्याकाळी मी मागचा भाग उचलला, पुढच्या चाकांना ओंडके लावले, धूर बाहेर जायला मोठा पाइप खिडकीतून काढला. इंजिन सुरू केलं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, आणि दांडा हलकेच पाचव्यात सरकला. मागची चाकं गालिच्यावर अधांतरी साठच्या वेगाने फिरायला लागली आणि इंजिन मांजरासारखं गुरगुरत राहिलं. अख्खी बैठक उठून उभी राहिली. मला आजही त्या कामाचा अभिमान आहे. बू नासर उठून आत गेला आणि बऱ्याच वेळाने डोळे पुसत परत आला.

मग आमचा प्रवास सुरू झाला. शुक्रवार सोडून रोज संध्याकाळी दीड तास. मी स्टिअरिंगवर, शेजारच्या सीटवर नोखदा, मागे पाळीपाळीने दोन पाहुणे. मे महिन्याचा उकाडा. उभ्या गाडीला वारा लागत नाही म्हणून रेडिएटरपुढे दोन मोठे पंखे आणि बर्फाच्या लाद्या. नोखदा काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत बंदरं सांगायचा. लिंगा आलं, आता डावीकडे डोंगर दिसतील. होर्मुझच्या वळणावर त्याने मला खरोखरच स्टिअरिंग उजवीकडे घ्यायला लावलं आणि मी घेतलं. मस्कतला त्याने गाडी थांबवून सगळ्यांना चहा पाजला. उशिरा येणारे पाहुणे दारातूनच विचारत, "कुठे पोचलो?" आणि माझ्याशिवाय कुणालाही त्यात काही वेडेपणा दिसत नव्हता. चौथ्या-पाचव्या दिवशी मलाही दिसेनासा झाला.

"मुंबई का दिया दिखने के पहले उसका बास आता," नोखदा सांगायचा. "सूखा बोंबील का बास. रात को भी मालूम पडता, घर आया."

बाराव्या दिवशी, कराचीच्या आसपास, मी पेटीत एक वॉशर शोधत होतो आणि डब्याच्या तळाशी जुन्या बॉक्समधलं एक प्लॅस्टिकचं इवलंसं चाक सापडलं. मीटरची वायर फिरवणारं. सहज दाते मोजले. एकवीस. नव्या बॉक्समधल्या चाकाचे दाते मला आठवत होते. सतरा. दाते कमी म्हणजे मीटरची वायर जास्त फिरणार. गाडी शंभर मैल गेली की आमचं मीटर सव्वाशेच्या घरात जात होतं. मी शाफ्ट मोजला, चकती मोजली, हे बोटभर चाक बदलायचं विसरलो.

खरं सांगायला हवं होतं. चाक बदलून चार संध्याकाळी जास्त चालवलं असतं, एवढंच. पण रमजान तोंडावर आला होता. रमजानात संध्याकाळचे सगळे बेत बदलतात, सही महिनाभर लांबली असती. माझ्या कानात ती टेप वाजत होती. ते चाक मी खिशात टाकलं आणि गाडीत बसून पाचवा गिअर टाकला.

रमजानच्या दोन दिवस आधी मीटरने सोळाशे मैल पुरे केले. माणसांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी गुलाबपाणी शिंपडलं. नोखदाने खिडकीची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, नाकाने लांब श्वास घेतला.

"बास नहीं आया," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला.

सगळे हसले. मीही हसलो, पण ते चाक माझ्या खिशात होतं. बू नासरने गाडीच्या खणातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला. त्यावर सही होती.

ईदनंतर आठवड्याभरात नोखदा वारला. त्यानंतर महिन्याभराने नलिनी आणि मुलगी आल्या. विमानाला साडेतीन तास लागले. मुलगी विमानतळावर माझ्याकडे बघून आईच्या मागे लपली, पण मी बोलायला लागलो तशी आवाज ओळखून पुढे आली. मी रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मीटरच्या त्या चाकाने आपण कसं फसवलं, हे मी बरीच वर्षं कुणालाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंही नाही, कारण फसवणूक मालकाची झाली होती आणि मालक खूष होता. मग नलिनीच्या कागदांचं काही काम निघालं. आम्ही सगळी चिठ्ठीचपाटी घेऊन दाऊदभाईंकडे गेलो. दाऊदभाई दाभोळचे, आमच्या गल्लीत त्यांचं किराणाचं दुकान होतं आणि अरबी कागद वाचून द्यायला सगळे त्यांच्याकडेच जात. त्यांनी तो जुना कागद चष्म्याजवळ धरला.

"काय हो, तुम्ही तर सांगत होता सही रमजानच्या तोंडावर मिळाली. इथं शाबानची सहा लिवलेली हाय. म्हंजे तीन हप्ते आदी."

शाबान हा रमजानच्या आधीचा महिना. तारीख अरबीत होती, म्हणून मला कधी उमगली नाही. मी बोटं मोजली. शाबानची सहा म्हणजे पहिली संध्याकाळ. चाकं पहिल्यांदा फिरली आणि बू नासर उठून आत गेला, ती.

मी तडक दस्मानला गेलो. म्हटलं, सही पहिल्या दिवशीच केली होती, मग मला अठरा संध्याकाळी त्या भट्टीत का बसवलं?

बू नासरने कॉफी ओतली. घाई केली नाही. "तुम माँगता तो मैं उसी दिन देता," तो म्हणाला. मग अरबीत बोलायला लागला, सावकाश, मला कळेल असं. निवाडा झाल्यावर नोखदाने त्याला बाजूला घेऊन विनवलं होतं. डोळे गेलेत, पाय गेलेत, आता मला कुणी जहाजावर घेणार नाही. गाडी थांबवू नको. मला एकदा मुंबईला जाऊन येऊ दे.

मी कॉफीचा पेला हलवायला विसरलो. त्याने तो पुन्हा भरला.

घरी येऊन नलिनीला सगळं सांगितलं, दात्यांसकट. तिने हिशेब ऐकून घेतला. सोळाशेतले तेराशेच्या आत खरे, वरचे नुसते मीटरचे. ती बंदराकाठची, तिला नकाशा लागत नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे त्या म्हाताऱ्याला तुम्ही द्वारकेसमोर समुद्रात सोडून आलात."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बू नासरपुढे ते एकवीस दात्यांचं चाक ठेवलं आणि कबूल केलं. मला वाटलं, ओरडेल. त्याने चाक डोळ्यांजवळ नेलं, उलटसुलट करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कितना बाकी?"

"तीनशे पाच मैल."

"स्टँड लगाओ."

जुनी मंडळी पुन्हा जमली. काहीजण नव्हते. मी चाक बदललं, पंखे लावले, बर्फ आणवला. शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही, तिथे नोखदाची काठी ठेवली. बू नासर मागे बसून बंदरं सांगत होता. पोरबंदर, वेरावळ, दीव. त्याला ती सगळी ऐकून ऐकून पाठ झाली होती. चौथ्या संध्याकाळी शेवटचे वीस मैल उरले तेव्हा मी दाऊदभाईंच्या दुकानातून आणलेली, नलिनीने कागदात बांधून दिलेली पुडी सोडली, आणि रेडिएटरपुढच्या एका पंख्याचं तोंड वळवून त्याच्यासमोर मूठभर सुके बोंबील दोरीने टांगले.

वास आधी पुढच्या काचेवरून आत आला, मग सगळ्या दिवानियात भरला. पांढरेशुभ्र झगे घातलेली पंधरा माणसं नाकाला रुमाल न लावता बसून राहिली. मीटर पुरं झालं. मी गिअर काढला, इंजिन बंद केलं. मागची चाकं फिरत फिरत थांबली.

बू नासरने मागून हात लांब करून शेजारच्या सीटकडची काच खाली केली.

"आया?" त्याने काठीला विचारलं.